रात्रपाळीला कोण आहे?

आईवडिलांना संस्थेत ठेवावं की नाही, हा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षं चालला आहे. ठेवायचं तर कुठल्या संस्थेत, यावर मात्र कोणी धड बोलत नाही. पक्षाघाताचा झटका येतो, डिस्चार्जची तारीख ठरते, घरची दोघंही नोकरीला. मग कुणीतरी दिलेल्या नंबरावर फोन होतो आणि दोन दिवसांत जागा पक्की होते. निर्णयाचीच लाज वाटत असते, त्यामुळे चौकशीही चोरून आणि घाईत उरकली जाते. तिची किंमत अंथरुणावरच्या माणसाला मोजावी लागते.

पहिला घोळ होतो तो वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्र यांच्यात. बरेच वृद्धाश्रम हिंडत्या-फिरत्या माणसांसाठी असतात. स्वतःचं स्वतः आवरता आलं पाहिजे, ही प्रवेशाचीच अट असते. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे, पण तिचा रोख प्रामुख्याने निवाऱ्यावर आहे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला चोवीस तास शुश्रूषा लागते. म्हणून ‘उद्या यांचं उठणं-बसणं बंद झालं, तर तुम्ही यांना ठेवून घ्याल का?’ हे पहिल्याच भेटीत विचारावं.

शुश्रूषा हे हातांचं काम आहे. ज्याला स्वतःहून वळता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाडापाशी, खुब्यावर, टाचांवर कातडी दबून राहते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि लालसर डागाची बघता बघता खोल जखम होते. हे काम रात्री दोनलाही असतं आणि पहाटे चारलाही. भरवण्याचंही तसंच. गिळायला त्रास होत असेल तर माणसाला नीट बसवायचं, घास लहान घ्यायचा, तो गिळला गेला हे पाहूनच पुढचा द्यायचा, जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. घाई झाली की अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून संस्था पाहायला जेवणाच्या वेळी जावं. मावशी खुर्ची ओढून शेजारी बसली आहे, की उभ्या उभ्या चमचा तोंडात घालताना तिची नजर पुढच्या खाटेवर आहे, यावरून जे कळतं ते बागेवरून आणि चकचकीत फरशीवरून कधीच कळणार नाही.

ती घाई आळसातून येत नाही. एकटीवर पंधरा खाटा टाकल्या, तर कितीही मायाळू बाई घाईच करणार. तेव्हा संस्था निवडताना आधी मावश्यांच्या नोकरीची चौकशी करावी, असं माझं ठाम मत आहे. रात्री किती जणांमागे एक? पाळी किती तासांची? आठवड्याची सुट्टी मिळते का? पगार वेळेवर होतो का? काम कोणी शिकवलं? सगळ्यात जुनी मावशी किती वर्षं इथे आहे? हे विचारणं आगाऊपणाचं वाटतं, पण जिथे माणसं टिकत नाहीत, तिथे आजोबांना कुठल्या कानाने ऐकू येतं हे कोणालाच ठाऊक नसतं. आणि हात कमी पडले की सोपे मार्ग सुरू होतात: चालू शकणाऱ्यालाही डायपर, बेचैन माणसाला झोपेचं औषध, नाहीतर खाटेला बांधलेले हात. यांबद्दलही स्पष्ट विचारावं.

यावर कोणी म्हणेल, पूर्वी हे सगळं घरातच होत होतं. डॉक्टर-लेखक अतुल गावंडे यांनी ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकात (2014) उटी गावच्या आपल्या आजोबांबद्दल लिहिलं आहे. ते एकशे दहाच्या घरात पोचले, ते भरल्या घरात आणि मानाने. असं म्हातारपण कोणालाही हवंसं वाटेल. पण आपल्याकडच्या अशा घरांमागे बहुतेक वेळा सुनांचे आणि लेकींचे हात असत, आणि त्या कष्टांना मोल नव्हतं. आज तेच काम परक्या बाईकडे गेलं आहे, तरी त्याचं मोल करायला आपण तयार नाही. संस्थेची फी कमी आहे म्हणून आपल्याला बरं वाटतं. ती कमी कशी पडते, हे आपण विचारत नाही.

पैसे सगळ्यांकडे नसतात, हे खरंच आहे. त्याच 2007च्या कायद्यात पोटगीची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे. पूर्ण वेळ शुश्रूषा त्यात बसणं अवघड. म्हणूनच हा प्रश्न एकेका घरावर सोडून भागणार नाही. रात्रपाळीला किमान किती माणसं हवीत, त्यांचं प्रशिक्षण काय असावं, तपासणी कोणी करावी, हे सरकारने ठरवून प्रत्यक्ष अमलात आणलं पाहिजे. नातेवाइकांनाही तोवर गप्प बसायचं कारण नाही. एकाच संस्थेत ज्यांची माणसं आहेत, त्यांनी एकत्र यावं, आणि फी वाढली तर ती वाढ मावश्यांच्या पगारात दिसली पाहिजे, एवढी अट चालकांपुढे ठेवावी.