सत्य मागणारे आणि सत्य ऐकणारे



समलिंगी व्यक्तीला गुरुदीक्षा द्यावी काय, हा वाद आपल्या कसालपासून फार दूरचा आहे असे आपल्याला वाटते. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चने २००३ साली जीन रॉबिन्सन यांना बिशप केले आणि जगभरच्या अँग्लिकन मंडळींत दुफळी माजली. तेथे लेस्बियन भगिनींनाही दीक्षा मिळते. आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेत स्त्रियांना गुरुदीक्षा नाही. म्हणून आपल्यापुढचा प्रश्न सेमिनरीच्या दारात उभ्या असलेल्या तरुणाचा आहे.

२००५ साली आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रोमहून सेमिनरींसाठी सूचनापत्र निघाले. ज्याच्या ठायी ही प्रवृत्ती खोलवर रुजली आहे त्याला प्रवेश देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. २०१६ च्या नियमावलीतही तेच कायम राहिले.

कोणी विचारील, धर्मगुरू ब्रह्मचर्यच पाळणार, मग त्याचा ओढा कोणाकडे आहे याने काय बिघडते? प्रश्न रास्त आहे, तो झटकून टाकू नये. ख्रिस्तसभेचे उत्तर असे की, गुरुपद हा कोणाचाच हक्क नाही. पाचारण देवाचे, पारख ख्रिस्तसभेची. आणि ती केवळ संयम पाहत नाही, तर लोकांचा आध्यात्मिक पिता होण्याची पात्रता पाहते. पुष्कळांचे एवढ्याने समाधान होत नाही. आम्ही ही शिकवण मानतो, पण त्यांच्या प्रश्नाचे वजनही आम्हांला जाणवते.

त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे. आपली प्रवृत्ती लपवून दीक्षा घेणे हा गंभीर अप्रामाणिकपणा आहे, असे ते सांगते. अगदी खरे. पण सत्य बोलण्याचे कर्तव्य एकट्या बोलणाऱ्याचे असते काय? ज्या मुलाने धर्मशिक्षणाच्या वर्गाबाहेर आणि तिठ्यावर ‘बायल्या’ म्हणून हिणवणे ऐकले, जे आईलाही सांगू शकला नाही, ते त्याने अठराव्या वर्षी रेक्टरांना सांगावे अशी आपली अपेक्षा! आधी आपणच लपवायला शिकवतो आणि मग लपवल्याचा दोष त्याला देतो.

शिवाय ‘लग्न कधी?’ हा प्रश्न गावात कोणाला सुटत नाही. त्यातून सुटायला झगा ही एक प्रतिष्ठित वाट ठरते. पाचारण हे मोकळ्या मनाने दिलेले उत्तर असते. भीतीने धरलेला आडोसा म्हणजे पाचारण नव्हे.

समलिंगी व्यक्तींना आदराने आणि सहानुभूतीने वागवावे, त्यांच्याशी अन्यायाने भेदभाव करू नये, ही कातेखिझमची शिकवण आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे खाजगी, संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. त्याच्या पाच वर्षे आधी, २०१३ मध्ये, मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांनी सांगितले होते की, ख्रिस्तसभा समलिंगी विवाहाला मान्यता देत नाही, पण या लोकांना तिने कधी गुन्हेगार मानलेले नाही.

शोमरोनी स्त्रीला विहिरीवर प्रभूने तिचे सारे जीवन उघड करून सांगितले. तरी ती लाजून पळाली नाही. घागर तिथेच टाकून गावाला सांगायला गेली. कारण ऐकणाऱ्याने पाठ फिरवली नव्हती.

कोणाला गुरुदीक्षा द्यावी हे आपल्या धर्मग्रामात ठरत नाही. पण आपल्या घरात एखाद्या लेकराला खरे बोलता येते की नाही, हे मात्र आपणच ठरवतो. या आठवड्याच्या प्रार्थनेत एवढेच मागू या.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू