दान आणि देणे
मननासाठी शास्त्रभाग: लूक 19:1-10



हल्ली आपल्या खेड्यापाड्यांतील शाळांच्या दारी एक नवा पाहुणा येऊ लागला आहे. त्याचे नाव कंपनी. कोठे तो भिंतींस रंग देतो, कोठे मुलांस दप्तरे वाटतो, कोठे पिण्याच्या पाण्याची सोय करतो, आणि दारावर आपल्या नावाची पाटी लावून जातो. हा पाहुणा केवळ स्वखुशीने आलेला नाही. सन 2013 च्या कंपनी कायद्याचे 135 वे कलम 1 एप्रिल 2014 पासून अमलात आले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी रुपये, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातून शेकडा दोन इतका भाग लोकोपयोगी कामांस लावावा, असे ते कलम सांगते. पहिल्याच वर्षी ह्या मार्गाने दहा हजार कोटी रुपयांच्या आसपास खर्च झाला, आणि त्यात मुलांच्या शिक्षणाचा वाटा मोठा होता.

ह्यावरून मंडळ्यांत दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. कोणी म्हणतात, “कोट्यवधी देणारे पुढे आले, तर आता आपल्या चार आण्यांच्या थैलीचे काय काम?” दुसरे म्हणतात, “कायद्याच्या भीतीने दिलेले ते दान कसले? ते आपण घेऊच नये.” हे दोन्ही विचार आपण शास्त्राच्या उजेडात पारखून पाहू.

प्रथम आपल्या भाषेतील एका शब्दाकडे पाहा. ‘देणे’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. हातचे काढून दुसऱ्यास द्यावे तेही देणे, आणि दुसऱ्याचे आपल्याकडे राहिलेले फेडावयाचे असते तेही देणे. सावकाराच्या वहीत ‘देणे’ लिहिलेले असते, ते काही दान नव्हे. जक्कय हा जकातदारांचा मुख्य होता व श्रीमंत होता. प्रभू त्याच्या घरी उतरला तेव्हा त्याने दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या. आपल्या मिळकतीचा अर्धा भाग तो गरिबांस देणार होता. हे त्याचे दान. आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्यास तो चौपट परत करणार होता. हे त्याचे देणे. त्याने एकाच्या नावावर दुसरे खपविले नाही. त्याच्या मनाचा खरा पालट ह्या चोख हिशेबात दिसला.

पाटणच्या लोकांस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. कोयना आणि केरा ह्यांच्या संगमावर वसलेल्या ह्या मुलखाने पुष्कळ दिले आहे. कोयनेचे पाणी धरणात अडवून ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस उतरविले, आणि 1960 नंतरच्या दशकात पोफळीच्या विजेवर राज्यातील कारखाने चालू लागले. त्या पाण्याखाली गावे गेली. माणसे घरदार, शेत आणि पूर्वजांची थडगी सोडून दूरच्या जिल्ह्यांत गेली, आणि त्यांच्या जमिनीची गाऱ्हाणी पुढे कित्येक दशके चालली. आज वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. तो वाराही ह्याच डोंगराचा. तेव्हा अशा मुलखातील मुलाच्या हाती एखादे दप्तर आले, तर ते घेताना त्याने मान खाली का घालावी? त्यात दानाचा अंश असेल, पण देण्याचाही अंश आहे. म्हणून जे म्हणतात की आपण हे घेऊच नये, त्यांस आम्ही म्हणतो: घ्या, उपकार माना, पण लाचार होऊ नका.

तथापि घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, कारण प्रत्येक भेट ही भेट नसते. गेल्या शतकात गरीब देशांतील इस्पितळांत बाळंतिणींस दूधभुकटीचे डबे फुकट मिळत. दिसावयास ते मोठे पुण्याचे काम होते. पण डबा संपेपर्यंत आईचे दूध आटे, मग पुढचा डबा विकत घ्यावा लागे. पैसे नसले की भुकटी पातळ केली जाई, पाणी अशुद्ध असे, आणि तान्ही मुले हगवणीने दगावत. म्हणून 1981 साली जागतिक आरोग्य परिषदेने अशा वाटपाविरुद्ध नियम केले, आणि 1992 साली आपल्या देशाने कायदा करून ते डबे फुकट वाटण्यास बंदी घातली. ती भेट म्हणजे गळास लावलेले आमिष होते.

आता दुसऱ्या दुधाची गोष्ट ऐका. युद्धाने होरपळलेल्या मुलांसाठी संयुक्त राष्ट्रांनी 11 डिसेंबर 1946 रोजी युनिसेफ हा बालनिधी स्थापिला. त्या निधीने गुजरातेत आणंदच्या शेतकऱ्यांच्या दूध संघास यंत्रसामग्री दिली, आणि त्याच्या मोबदल्यात संघाने गरीब मुलांस दूध फुकट पाजावे असे ठरले. 1955 साली तो कारखाना सुरू झाला. येथे घेणारा कायमचा मिंधा झाला नाही, तर तोच देणारा झाला. भेट पारखण्याची ही सोपी कसोटी आहे: ती घेतल्यावर आपले हात अधिक बळकट होतात, की अधिक पसरतात?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. मोठे देणारे आले म्हणून लहानांनी थांबावे काय? आपल्या शेजारच्या कराड तालुक्यात, काले ह्या गावी, 1919 साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. हे गृहस्थ किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या कामी गावोगाव हिंडलेले होते. व्यापाराची त्यांस माहिती होती. तरी त्यांनी वसतिगृहातील मुलांसाठी घरोघरच्या बायांकडून मुठीमुठीने धान्य गोळा केले. धान्य पुरेना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी अंगावरचे दागिने मोडले. सर्व जातींची मुले तेथे एका पंगतीस बसली. ज्या बाईने मूठभर जोंधळे दिले, तिने त्या मुलास ‘आपले’ म्हटले. शेकडा दोनचा कायदा मुलास शाळेची खोली देऊ शकतो. त्यास आपले म्हणण्याची सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही.

शिवाय त्या कायद्यास एक हद्द आहे. काही खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा अपवाद सोडता, देशाबाहेर केलेला खर्च त्यात धरला जात नाही. राज्याने अशी मेर घालणे समजण्यासारखे आहे. पण भुकेस मेर ठाऊक नाही. 1900 सालच्या मोठ्या दुष्काळात ह्या देशाची मुले अन्नावाचून मरत होती, तेव्हा न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ ह्या साप्ताहिकाच्या वाचकांनी वर्गणी केली, आणि क्विटो नावाचे जहाज मका भरून मुंबईकडे निघाले. देणाऱ्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. आणि 1919 साली, ज्या वर्षी काल्यास रयत संस्था उभी राहिली त्याच वर्षी, लंडनमध्ये एग्लंटाइन जेब ह्या बाईने ऑस्ट्रियातील उपाशी मुलांची चित्रे वाटली. ती शत्रूची मुले होती. बाईस पकडून दंड केला गेला; पण सरकारी वकिलाच्याच मनास पाझर फुटला आणि त्याने दंडाइतकी रक्कम तिच्या कामास दिली. त्यातून ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था वाढली.

कोयनेच्या खोऱ्यात 11 डिसेंबर ही तारीख कोणी विसरत नाही. 1967 साली त्या दिवशी पहाट होण्यापूर्वी जमीन हादरली, आणि कोयनानगरास व भोवतालच्या गावांत घरे निजलेल्यांवर कोसळली. ज्यांनी ती थंडी उघड्यावर काढली आहे, त्यांस परमुलखातील बेघर मूल कसे दिसते हे सांगावे लागत नाही. युनिसेफचा जन्मदिवसही तोच आहे. ह्या दिवशी प्रत्येक मंडळीने दूरदेशच्या मुलांसाठी प्रार्थना करावी व एक थैली फिरवावी, अशी आमची सूचना आहे.

आपल्या जुन्या व्यवहारात ‘कंपनी’ ह्या शब्दास ‘मंडळी’ असेच म्हणत; नाटक कंपनी ती नाटक मंडळी. आपणही मंडळीच आहोत. मग कंपनीकडून जे मागतो ते आपणही करावे. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा पैशाविषयी कोणास बोट ठेवता येऊ नये म्हणून त्याने विश्वासू बंधूंस बरोबर दिले. त्याप्रमाणे थैली दोघांनी उघडावी, आकडा वहीत लिहावा, आणि उपासनेत सर्वांस वाचून दाखवावा. मदत देताना मुलास रांगेत उभे करून त्याचे छायाचित्र काढू नये. काय हवे ते आधी त्यास व त्याच्या आईस विचारावे. आणि मदतीच्या बदल्यात कोणाच्या धर्माचा सौदा करू नये; ते आपल्या हातचे आमिष होईल.

पाच हजारांच्या मेजवानीत जवाच्या पाच भाकरी कोणाच्या होत्या? एका मुलाच्या. त्या रानात देणारा तोच होता. आज आपण ज्या मुलास दप्तर देतो, त्याच्याही शिदोरीत उद्या कोणासाठी तरी भाकरी असेल. ती त्याने ताठ मानेने द्यावी, असे त्यास वाढवा. जे देणे असेल ते चुकते करा, त्यावर जे दान असेल ते आनंदाने करा, आणि दोहोंचा हिशेब प्रभूपुढे वेगवेगळा ठेवा. तो तुमच्या घरी उतरो. आमेन.