आठ सेंटचं जहाज

प्रकाशा गावच्या घाटावर सकाळी लवकर या. गोमाई जिथे तापीला मिळते, तिथली पाण्याला टेकलेली एखादी पायरी निवडा. श्वासाकडे मुद्दाम लक्ष द्यायला नको. तो त्याचं काम करतोच आहे. फक्त तळहात उघडा आणि त्यावर एक टपाल तिकीट ठेवलंय असं समजा.

तिकीट अमेरिकेचं, 1971 चं, किंमत आठ सेंट. त्यावर एक जहाज: चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन. 1841 साली बांधलेलं, तीन डोलकाठ्यांचं. ऐंशी वर्षांत त्याने सदतीस सफरी केल्या, त्याही देवमाशांच्या शिकारीच्या. त्या माशांच्या तेलावर दिवे जळत. देखणेपणाच्या भरात हे विसरू नका. 1941 पासून ते मिस्टिक गावच्या सागरी संग्रहालयात आहे.

आता जहाजाच्या एका फळीवर मन ठेवा. ती हळूहळू कुजते. मग ती काढतात, तिच्या जागी दुसरी बसवतात, सांध्यांत कापूस ठोकून भरतात. तिथले कारागीर अशी कामं पाहायला आलेल्यांच्या समोरच करतात. म्हणून तर 2014 मध्ये ते म्हातारं जहाज अडतिसाव्या सफरीला पुन्हा समुद्रात गेलं.

कापूस. खानदेशी माणूस या शब्दापाशी थबकणारच. समईतली वात, लग्नातली गादी, जिनिंगबाहेर उभ्या गाड्या, आणि जहाजाच्या फटी. इथे थोडं रेंगाळा, घाई नाही.

आपलंही एक जहाज होतं, नौदलाचं जुनं विक्रांत. 2001 मध्ये मुंबईत त्याचं संग्रहालय झालं, 2012 मध्ये ते धोकादायक म्हणून बंद झालं, 2014 मध्ये भंगारात निघालं. अभिमानाच्या भाषणांना तोटा नव्हता. गंजलेला पत्रा वेळेवर बदलायला मात्र कोणी पुढे झालं नाही.

पाण्याकडे पाहा. आपल्या नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही, पण समोरचं हे पाणी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळतं. सतराव्या शतकात त्या बंदरातून बऱ्हाणपूरला जाणारी वाट नवापूर-नंदुरबारवरून जायची. ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्या वाटेने गेला आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो, असं लिहून गेला.

आता मनाने सातपुडा ओलांडा, नर्मदेवर या. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातल्या 33 गावांना गाठलं. अक्राणी-अक्कलकुव्यातल्या कित्येक पाड्यांच्या पायवाटा त्याखाली गेल्या. तिथे आता दवाखाना बोटीतून येतो, मतदानाची यंत्रंसुद्धा बोटीतून. डोंगरउतारावर मका-ज्वारी पेरणाऱ्या घरांतली पोरं इंजिनाची बोट हाकतात. ही विद्या हौसेने जपलेली नाही, बुडालेल्या वाटेने शिकवलेली आहे. तिला तिकीटघर नाही, माहितीचा फलक नाही. मला तर ती मिस्टिकच्या जहाजाइतकीच जपण्याजोगी वाटते.

इंजिनाचा आवाज ऐका. काठ मागे सरतोय. सुकाणूवरच्या हाताकडे पाहा: तो कुठे सैल होतो, कुठे घट्ट. बुडालेल्या झाडाचा शेंडा कुठे आहे, हे त्या हाताला ठाऊक असतं.

डोळे मिटले असतील तर उघडा. आणि खरोखरच कधी त्या बोटीत बसलात, तर फोटो नंतर काढा. आधी विचारा, "दादा, हे कोणाकडून शिकलात?"