दोन तालांतवाला



दहावीचा निकाल लागला की आपल्या सक्करदऱ्यात एकच प्रश्न असतो, ‘किती टक्के पडले?’ चर्चच्या फाटकातही हाच प्रश्न, आणि तो आम्हीही विचारतो. मागे एका रविवारी आपण वेदीजवळून ८५ टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्यांची नावे वाचली, टाळ्या वाजवल्या, भेटवस्तू दिल्या. दर सणाला मंडपात खुर्च्या लावणारा एक मुलगा त्या वेळी मागच्या खांबाशी उभा होता. त्याला ५६ टक्के होते. त्यानंतर तीन रविवार तो मिस्साला आला नाही. चूक आपली होती आणि ती आम्ही मान्य करतो.

तालांतांचा दाखला आपल्या सर्वांना पाठ आहे. उपासना-वर्ष ‘अ’ मध्ये तो नोव्हेंबरात वाचला जातो; खरे तर त्याची गरज जूनमध्ये असते! प्रवचनात आपण पाच तालांतवाल्याचे कौतुक करतो आणि जमिनीत पुरून ठेवणाऱ्याला धारेवर धरतो. मधला दोनवाला मात्र राहून जातो. मत्तयचे शुभवर्तमान उघडून पाहा. धन्याने पाचवाल्याला जी शाबासकी दिली, तीच अक्षरशः दोनवाल्याला दिली. एक शब्दही कमी नाही. ‘तुझे पाच का झाले नाहीत?’ असे धन्याने त्याला विचारले नाही. शिवाय दोन म्हणजे थोडे नव्हे. एक तालांत म्हणजे ६,००० दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. दोन तालांत ही मजुराची जवळजवळ ४० वर्षांची कमाई होते.

संत जॉन मेरी व्हियानी (१७८६–१८५९) यांना लॅटिन काही केल्या येईना. सेमिनरीच्या परीक्षेत ते नापास झाले. १८१५ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली ती गुणांवर नव्हे, भक्तीवर. पुढे आर्स या लहानशा खेड्यात लोक त्यांच्यापाशी पापनिवेदनासाठी रांगा लावत. आज ते धर्मगुरूंचे आश्रयदाते आहेत.

आता व्यवहाराचे बोलू. २०२५ मध्ये राज्यात साडेचौदा लाखांहून अधिक मुले दहावी उत्तीर्ण झाली. नागपूर विभागाचा निकाल ९०.७८ टक्के, राज्यात सर्वांत कमी. पण अकरावीच्या जागा होत्या सुमारे २१ लाख. म्हणजे ५५ टक्केवाल्याला जागा मिळत नाही हे खरे नाही. ठरावीक चार नामांकित कॉलेजांत मिळत नाही, एवढेच. त्या वर्षापासून सर्व राज्यात प्रवेश ऑनलाइन झाले आणि दहा पसंतीक्रम देता येऊ लागले. काही पालक दोन-तीनच नावे भरतात, तीही सगळी ९० टक्के कटऑफची, आणि मग देवाला दोष देतात. मागच्या वर्षीचा कटऑफ पाहा, दहाही रकाने भरा. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, असा २०२५ चा नियम होता. म्हणून जिथे मूल खरोखर जाणार असेल तेच नाव वर लिहा. आपल्या चौकातले कमला नेहरू महाविद्यालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तरी दूरचेच कॉलेज मोठे वाटते!

डिप्लोमासाठी दहावीत किमान ३५ टक्के लागतात, आणि तो पुरा केल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. आयटीआयही आहे. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून मुलाला सायन्सला ढकलू नका. एक-दोन विषय राहिलेल्यांसाठी पुरवणी परीक्षा आहे; त्यांना घरात कोंडून ठेवू नका. ‘सीट मिळवून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

अल्पसंख्याक महाविद्यालयांत ५० टक्के जागा त्या त्या अल्पसंख्याक समाजासाठी असतात. त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला लागू शकतो. तो धर्मग्राम कार्यालयातून आधीच घेऊन ठेवा. शेवटच्या दिवशी धावपळ नको.

येत्या रविवारी मिस्सानंतर सभागृहात आपल्यातील दोन शिक्षक फॉर्म भरून देण्यासाठी बसतील. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड आणावे. मुलाला सोबत आणावे, आणि पसंतीक्रम त्यालाच सांगू द्यावा. त्या दिवशी नावे वाचली जाणार नाहीत.