आधी माणूस
पहाटेच्या लोकलने शहाडला एखादी परिचारिका उतरते. रात्रपाळी संपलेली असते. रात्रभर तिने ताप मोजला, सलाईन बदललं. पण कुणाला अंधाराची भीती वाटते, कुणाचे डोळे मुलाच्या वाटेकडे लागलेत, हेही तिने ओळखलं. आधी माणूस, मग आजार.

परिचारिकेच्या या कामाची एक जुनी गोष्ट आहे. समाजसेविका रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन ही संस्था सुरू केली. तिथल्या विधवांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडलं. परक्यांची शुश्रूषा तेव्हा हलकी समजली जाई. केवढं धैर्य त्या बायकांचं! स्वतः दुःख सोसलेल्या त्या, दुसऱ्याच्या वेदनेपाशी बसल्या. आधी माणूस.

आज कुणा आजाऱ्याला भेटायला जाणार असाल, तर रिपोर्टचं नंतर विचारा. आधी जवळ बसा. नाव घेऊन विचारा, दोन घास गेले का?