छप्पर काढलेले घर: खेळातील वास्तुरचना आणि रहिवाशाचा प्रश्न

सौंदर्यविधानाच्या निरपेक्षतेचे विवेचन करताना कांटने 'क्रिटीक ऑफ जजमेंट' (1790) या ग्रंथाच्या आरंभीच एका राजवाड्याचे उदाहरण घेतले आहे. समोरचा राजवाडा सुंदर आहे का, असे विचारल्यावर कोणी म्हणेल की डोळे दिपवण्यासाठी केलेल्या वस्तू मला रुचत नाहीत. कोणी रूसोच्या पद्धतीने, प्रजेचा घाम अनावश्यक गोष्टींवर उधळणाऱ्या थोरांवर संतापेल. कोणी असेही म्हणेल की निर्मनुष्य बेटावर केवळ इच्छा करताच असा प्रासाद उभा राहणार असला, तरी राहण्याजोगी झोपडी असताना मी तेवढीही तसदी घेणार नाही. ही सर्व उत्तरे कांट मान्य करतो आणि बाजूला ठेवतो. मराठी सौंदर्यविचाराला ही वाट परिचित आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (1974) या ग्रंथात लौकिकतावाद व अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमधील जो ताण उलगडून दाखवला, तो या उदाहरणातही जाणवतो. मात्र त्या राजवाड्यात जो राहतो त्याला तो कसा वाटतो, हा प्रश्न तेथे कोणीच विचारीत नाही.

इच्छा करताच उभा राहणारा प्रासाद ही आता केवळ तत्त्वज्ञाची कल्पना उरलेली नाही. 'द सिम्स' (2000) या संगणकीय खेळात खेळणारा भिंती ओढतो, दारे-खिडक्या बसवतो, फर्निचर मांडतो आणि मग त्या घरात चालतीबोलती माणसे राहू लागतात. या खेळाचा कर्ता विल राइट याचे स्वतःचे घर 1991 मध्ये ओकलंडच्या वणव्यात जळून गेले होते. नव्याने संसार उभा करताना माणसाला नेमके काय काय लागते, या विचारातून खेळाची कल्पना आकाराला आली. ख्रिस्तोफर अलेक्झांडर व त्याचे सहकारी यांच्या 'अ पॅटर्न लँग्वेज' (1977) या वास्तुविषयक ग्रंथाचाही तिच्यावर प्रभाव होता. आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, आरंभी हा खेळ केवळ घरे रचण्याचा होता. रचलेले घर चांगले की वाईट हे ठरवायला कोणीतरी हवे, म्हणून त्यात माणसे आली. म्हणजे येथे रहिवासी हा घराचा समीक्षक म्हणून जन्माला आला आहे. कांटने बाजूला ठेवलेला माणूस येथे न्यायाधीशाच्या आसनावर आहे.

पहिल्या आवृत्तीत या माणसांना आठ गरजा होत्या. भूक, झोप, स्वच्छता, करमणूक, सहवास इत्यादींबरोबर 'खोली' ही एक स्वतंत्र गरज होती. खोली अंधारी, ओकीबोकी वा अस्वच्छ असली की माणूस खिन्न होई. पुढे चौथ्या आवृत्तीत (2014) ती गरज स्वतंत्र राहिली नाही, तरी भोवतालचा परिणाम मनःस्थितीवर होतोच. या आकडेमोडीला हसणे सोपे आहे. परंतु ज्यांनी घरे बांधली त्यांच्यापैकी कितीजणांनी घरातल्या प्रत्येक व्यक्तीची खिन्नता हिशेबात धरली होती, हा प्रश्न तितका सोपा नाही.

तो माझ्यासमोर कसा आला ते सांगणे येथे अप्रस्तुत ठरू नये. जुन्या नाशकातला आमचा वाडा काही वर्षांपूर्वी पाडला गेला. दर पावसाळ्यात या भागातल्या एखाद्या वाड्याची भिंत कोसळल्याची बातमी येते. आमचाही त्याच मार्गावर होता. माझ्या पुतणीने तो पाहिला होता, पण तिला तो फारसा आठवत नाही. तिने मला शेजारी बसवून या खेळात तो पुन्हा उभा करायला घेतला. "काका, ओसरीच्या पुढे काय होतं?" असे ती विचारी आणि मी डोळे मिटून चालू लागे: ओसरी, चौक, माजघर, देवघर, कोठीची खोली, वर माडी.

पहिली अडचण मापाची आली. आमच्याकडे घर खणांत मोजत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि तो लाकडाच्या लांबीवर ठरे. खेळातली जमीन सारख्या चौकोनांत विभागलेली असते. हे जमवून घेता आले. भिंतीचे मात्र जमले नाही. खेळातली भिंत म्हणजे जवळजवळ रेषाच, तिला जाडी नाही. आमच्या वाड्याचे निम्मे जीवन भिंतींच्या जाडीत होते. कोनाडे, धान्याचे बळद, माडीवर जाणारा अरुंद जिना हे सगळे भिंतीच्या पोटात. जाडी नसलेल्या भिंतीत लपवण्यासारखे काही राहत नाही. शिवाय खेळणारा छप्पर काढून वरून पाहतो. लसाजच्या एका कादंबरीतील (1707) सैतान माद्रिदमधल्या घरांची छपरे उचलून आतले संसार दाखवतो. सर्वसाक्षी निवेदकाचे रूपक म्हणून त्याचा उल्लेख वारंवार होतो. येथे त्या सैतानाला गवंड्याचेही काम मिळाले आहे.

वरून पाहताना पुतणीला जिन्याखालची जागा रिकामी दिसली. "इथे कोण असायचं?" आजोबांची धाकटी बहीण. लहानपणी विधवा होऊन माहेरी परतलेली. घरात सर्वजण तिला आत्याबाई म्हणत. मी सात-आठ वर्षांचा असताना ती वारली. तिचे अंथरूण, ट्रंक आणि जपमाळ एवढे त्या जागेत मावे. खिडकी नव्हती. पुतणीने तेथे एक वृद्ध स्त्री आणून ठेवली. थोड्याच वेळात तिची मनःस्थिती खालावल्याचे पडद्यावर दिसले. पुतणीने ताबडतोब रस्त्याकडच्या भिंतीत खिडकी बसवली, दिवा टांगला, एक चित्र लावले. म्हातारी सुखावली.

मी अस्वस्थ झालो. पहिली प्रतिक्रिया संशोधकाची होती: हे खोटे आहे, खिडकी नव्हती. पण त्या आक्षेपात इतिहासनिष्ठा किती आणि आमच्या घराण्याने चाळीस-पन्नास वर्षांत जे केले नाही ते एका मुलीने पाच मिनिटांत केले याची बोच किती, हे मला निश्चित सांगता येणार नाही. एवढे मात्र खरे की, खेळाच्या नियमाने तिला भाग पाडले. आमच्या वाड्याला असा नियम नव्हता. वास्तुशांत करून आग्नेयेला वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरली होती. वास्तूला प्रसन्न ठेवण्याचे शास्त्र होते, जिन्याखालच्या बाईला प्रसन्न ठेवण्याचे नव्हते.

तरीही खेळाचा हा न्याय मला पुरेसा वाटत नाही, आणि त्याचे कारण खिडकी खोटी असणे हे नव्हे. खेळातील प्रत्येक माणसाला खिन्न होण्याचा आणि ती खिन्नता दाखवण्याचा समान अधिकार आहे. घरधनी आणि आश्रित यांच्या गरजांचे आकडे एकाच मापाने मोजले जातात. आत्याबाईचे दुःख खिडकी नसणे एवढेच नव्हते. खिडकी मागण्याचा अधिकार नसणे, आणि कालांतराने ती मागावीशीही न वाटणे, हे होते. ज्याने इच्छाच आवरून घेतली आहे असा रहिवासी या खेळाच्या व्याकरणात बसत नाही. कुसुमाग्रजांच्या 'कणा' या कवितेतील, गोदावरीच्या पुरात घर गमावलेला विद्यार्थी सरांकडे येतो तो पैशासाठी नव्हे. सरांचा हात खिशाकडे जातो. घर उद्ध्वस्त झालेल्या माणसाला काय हवे याविषयीचा आपला पहिला तर्क चुकू शकतो, हे त्या कवितेतले सर त्या क्षणी शिकतात. राइटच्या खेळात खिशाकडे गेलेला हात सहसा चुकत नाही: वस्तू आणली की आकडा वाढतो.

आपल्या कथात्म साहित्याबाबतही हा प्रश्न लावून पाहण्यासारखा आहे. विधवेच्या कोपऱ्याचे चित्रण करणाऱ्या लेखकाने छप्पर काढून पाहिले, तर त्याला अंथरूण आणि ट्रंक दिसेल; करुणेने तो एखादी खिडकीही बसवील. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीचे बळ मला यात वाटते की तेथे छप्पर काढलेले नाही. यमू आपले घर आतून, स्वतःच्या तोंडाने सांगते. म्हणून तिला काय मागता आले नाही हेही तिच्याच वाक्यांच्या अडखळण्यातून कळते. हे निवेदनतंत्र आहे हे खरेच, पण घर कोणाच्या उंचीवरून पाहायचे याचा तो नैतिक निर्णयही आहे. भातुकलीत मूल स्वतः मांडलेल्या घरात बसते आणि समोरच्याने लटका का होईना, घास घ्यावा लागतो. तो नको म्हणू शकतो. पडद्यावरच्या म्हातारीला नको म्हणता येत नाही.

पुतणीने पुढे तो वाडा आईला दाखवला. आईने सून म्हणून त्या घरात अनेक वर्षे काढली. ती बराच वेळ चौकाकडे पाहत राहिली. तुळशीवृंदावन चुकीच्या बाजूला असल्याचे तिने सांगितले. जिन्याखालची खिडकी दाखवल्यावर म्हणाली, "आत्याबाईंनी ती लावून घेतली असती. समोर दुकान होतं, माणसं बसलेली असायची." मग थोड्या वेळाने तिने पुतणीला विचारले, खिडकी चौकाच्या बाजूला काढता येते का. भिंत आतली असल्याने ते सहज करता आले.