आम्हीं काय पाहिलें ?

डोळ्यांनीं जें पाहिलें तें तोंडानें सांगणें ही जगांतील सर्वांत सोपी गोष्ट होय, असें आपण समजत आलों आहों. न्यायालयांत काय, पंचायतींत काय, किंवा मंडळीच्या सभेंत काय, आपण साक्षीदारास एवढेंच म्हणतों कीं, बाबा, तूं काय पाहिलेंस तेवढें सांग. परंतु मागील हिवाळ्यांत जयसिंगपुराजवळ घडलेल्या एका लहानशा प्रसंगापासून आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, याहून अवघड काम दुसरें क्वचितच असेल.

जयसिंगपूर हें शाहू महाराजांनीं आपल्या जनक पित्याच्या नांवानें वसविलेलें, सरळ काटकोनी रस्त्यांचें व्यापारी गांव. त्याच्या बाहेर पडलें कीं जिकडे पाहावें तिकडे ऊस. शेतीपंपाची वीज पुष्कळदां रात्रीच्या पाळीनें येते. म्हणून थंडी असो कीं सापाकिरडाचें भय असो, शेतकरी विजेरी घेऊन रात्रभर उसाला पाणी पाजीत उभा असतो. पेठेंतल्या मनुष्याच्या डोक्यावर दिव्यांचें छत असतें, तो आकाश पाहत नाहीं. आकाश पाहतो तो हा पाणी पाजणारा. एक सरी भरेपर्यंत त्याला दुसरें काम नसतें.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध शेतकरी आहेत. त्यांना आम्ही अण्णा म्हणतों. एके पहाटे पांचच्या सुमारास त्यांनीं वर पाहिलें तों दिव्यांची एक रांग आवाज न करितां आकाशांतून चाललेली. सकाळीं चहाच्या टपरीवर त्यांनीं सांगितलें, "ड्रोनच्या दिव्यांसारखे कायतरी दिसलें." दोघे-चौघे हंसले व म्हणाले, अण्णांना बांधावर डुलकी लागली असेल. दुसरे दोघे-चौघे मात्र हंसले नाहींत. दुपारपर्यंत जवळच्या वस्तीवर बातमी पोंचली ती अशी कीं, ड्रोन फिरत आहेत. संध्याकाळपर्यंत ती अशी झाली कीं, चोर ड्रोन सोडून घरें हेरीत आहेत. आणि त्याच संध्याकाळीं चटया विकणारा एक परगांवचा फेरीवाला त्या वस्तीवर आला असतां तरुणांनीं त्याची गाडी अडविली, चटया मातींत उलगडून पाहिल्या आणि त्याला दोन तास बसवून ठेविलें. त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाहीं, ही देवाची दया. तो गेला, पुन्हां त्या बाजूला आला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं अण्णा आमच्याकडे आले आणि दारांतच म्हणाले, "मास्तर, मी खोटें बोललों का ?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं. अण्णा खोटें बोलले नाहींत हें उघड आहे. त्यांनीं दिवे पाहिले, दिव्यांसारखे असें सांगितलें. 'सारखे' हा शब्द टपरीवरून वस्तीवर जातां जातां वाटेंत कोठें तरी गळून पडला, आणि तो गळतांच उपमेची वस्तु झाली. मग दोष कोणाचा ? सांगणाराचा, ऐकणाराचा, कीं वाटेचा ?

हें केवळ आमच्याच खेड्यांत घडतें असें कोणीं समजूं नये. सन १९४७ च्या जून महिन्याच्या २४ तारखेस अमेरिकेंत केनेथ अर्नोल्ड नांवाचा एक वैमानिक आपलें लहान विमान घेऊन रेनियर पर्वताजवळून जात असतां त्याला नऊ चकाकणाऱ्या वस्तु वेगानें जातांना दिसल्या. त्या कशा चालत होत्या हें सांगतांना त्यानें उपमा दिली ती पाण्याच्या पृष्ठावरून टप्पे घेत जाणाऱ्या बशीची. उपमा चालीची होती. वर्तमानपत्रांनीं ती आकाराची केली, 'उडत्या तबकड्या' हा शब्द जन्मास आला, आणि त्यानंतर हजारों मनुष्यांना आकाशांत तबकड्याच दिसूं लागल्या. आधीं शब्द आला, मग त्या शब्दाप्रमाणें डोळे पाहूं लागले. अण्णांच्या 'सारखे'ची आणि अर्नोल्डच्या बशीची गति एकच.

पुढें अमेरिकेच्या वायुसेनेनें अशा वार्तांची चौकशी चालविली. १९४७ पासून १९६९ पर्यंत तिच्याकडे १२,६१८ वार्ता आल्या. बहुतेकांचा उलगडा शुक्रासारखे तेजस्वी ग्रह व तारे, उल्का, फुगे, विमानें यांत झाला. ७०१ वार्ता अनोळखी राहिल्या. या ७०१ वर कित्येकांनीं मोठमोठे मनोरे उभारले आहेत. आमच्या मतें त्या आंकड्याचा अर्थ इतकाच कीं, इतक्या प्रसंगीं चौकशी करणाऱ्यांनीं 'आम्हांस कळलें नाहीं' असें लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा दाखविला. ओळख पटली नाहीं म्हणजे परलोकींच्या प्राण्यांची ओळख पटली, असें होत नाहीं. रात्रीं दारावरून गेलेल्या वाटसरूचें तोंड दिसलें नाहीं म्हणून तो चोर होता असें ठरत नाहीं, तसेंच हें.

आतां या प्रश्नाची दुसरी बाजू पाहूं. ती आम्हांस अधिक लाजविणारी वाटते, कारण तींत दोष अडाण्यांचा नसून शिकलेल्यांचा आहे. टपरीवर जे हंसले ते शिकलेले होते.

अठराव्या शतकांत युरोपांतील पंडित असें मानीत कीं, आकाशांतून दगड पडणें अशक्य आहे. खेडवळ लोक म्हणत, पडतात; आम्हीं पाहिले. १७६८ सालीं फ्रान्सांत ल्यूसे येथें पडलेला दगड तपासून तेथील विज्ञान-मंडळाच्या रसायनवेत्त्यांनीं (त्यांत थोर लाव्हाझिए हा एक होता) निर्णय दिला कीं, हा पृथ्वीचाच दगड असून त्यावर वीज पडलेली आहे. १७९० सालीं त्याच देशांत बार्बोतां येथें दगडांचा वर्षाव झाला, तेव्हां गांवच्या अधिकाऱ्यांनीं व नागरिकांनीं सह्यांनिशीं साक्ष पाठविली. ती वाचून एका विद्वानानें छापून खेद केला कीं, एक सबंध नगरपालिका गांवढळ गप्पांना सत्य म्हणून दुजोरा देते हें केवढें दुर्दैव ! चार वर्षांनीं क्लाड्नी नांवाच्या जर्मन विद्वानानें असे दगड आकाशांतूनच येतात असें ग्रंथ लिहून प्रतिपादिलें, आणि १७९८ च्या डिसेंबरांत आपल्या काशीक्षेत्राजवळ पडलेल्या दगडांचेंहि पृथक्करण विलायतेंत झालें. तरी हंसणारे हंसतच राहिले.

अखेर २६ एप्रिल १८०३ रोजीं फ्रान्सांतील लेग्ल या गांवाभोंवतीं भर दिवसा सुमारें तीन हजार दगड पडले, आणि सरकारनें बिओ नांवाच्या एकोणतीस वर्षांच्या शास्त्रज्ञास चौकशीस पाठविलें. त्यानें जें केलें तें आम्हांस फार शिकण्यासारखें वाटतें. तो थेट लेग्ल गांवांत गेला नाहीं. दूरच्या गांवांपासून आरंभ करून, वाटेंत भेटेल त्यास विचारीत विचारीत तो तेथें पोंचला. त्या भागांतील खाणींत व लोखंडाच्या भट्ट्यांत असा दगड कोठें आहे काय हें त्यानें पाहिलें, नव्हता. एकमेकांशीं कांहीं संबंध नसलेल्या, निरनिराळ्या धंद्यांच्या लोकांचें सांगणें त्यानें वेगवेगळें ऐकलें व ताडून पाहिलें. दगड कोठें कोठें सांपडले हें नकाशावर मांडलें, तों त्यांची एक लांबट अंडाकृति उमटली. असा लांबट पट्टा तिरप्या मार्गानें येणाऱ्या वस्तूचाच असावयाचा, आणि तो एखाद्या खेडवळानें कल्पनेनें रचणें शक्य नव्हतें. त्याच वर्षीं त्याचा वृत्तांत विज्ञान-मंडळापुढें वाचला गेला आणि शतकाचा वाद बहुतेक मिटला.

बिओनें खेडवळांवर विश्वास ठेविला असें म्हणणें पुरेसें नाहीं. त्यानें त्यांस प्रश्न विचारले. जो प्रश्न न विचारतां विश्वास ठेवितो आणि जो प्रश्न न विचारतां हंसतो, ते दोघेहि आळशी होत, आणि दोघांनींहि साक्षीदाराचा अपमानच केला असें आम्हांस वाटतें. एकानें त्याचें बोलणें न तपासतां पुढें ढकललें, दुसऱ्यानें न तपासतां फेंकून दिलें.

आपल्या महाराष्ट्रांतहि असा एक प्रसंग ताजा आहे. २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या संध्याकाळीं पावणेआठच्या सुमारास, राज्याच्या पुष्कळ भागांतून आकाशांत जळत्या निखाऱ्यांची ओळ सावकाश जातांना दिसली. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले विमान कोसळलें, कोणी क्षेपणास्त्र. त्या रात्रीं चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी गांवीं धातूचें एक मोठें कडें पडलेलें सांपडलें; आजूबाजूस धातूचे गोळेहि मिळाले. लाडबोरीच्या लोकांनीं तें कडें लपविलें नाहीं. तें पोलिसांच्या ताब्यांत गेलें. येथें जाणत्यांचीहि एक घाई नमूद केली पाहिजे. त्याच दिवशीं न्यूझीलंडांतून उडालेल्या अग्निबाणाचा हा भाग असावा असें कांहींनीं प्रथम सांगितलें. मागाहून कक्षांचें गणित मांडून अभ्यासकांनीं ठरविलें कीं, फेब्रुवारी २०२१ मध्यें उडालेल्या चीनच्या 'लाँग मार्च' अग्निबाणाचा तो उरलेला टप्पा असला पाहिजे. पहिला तर्क मागें घेतां आला, कारण तो तर्क म्हणूनच सांगितलेला होता. आणि त्या तर्कापायीं कोणाच्या चटया मातींत गेल्या नव्हत्या.

आम्ही चटयांचा उल्लेख वारंवार करितों, त्यास कारण आहे. रात्रींच्या अफवा दिव्यांवर थांबत नाहींत. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें मुलें पळविणारे आले आहेत या अफवेनें पांच भिक्षेकऱ्यांस जमावानें ठार केलें. ते सोलापूर जिल्ह्याकडचे भटक्या समाजाचे गरीब लोक होते. सप्टेंबर २०२२ मध्यें आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यांत, जत तालुक्यांतील लवंगा येथें, अशाच संशयावरून चार साधूंना काठ्यांनीं मारहाण झाली. २०२४ च्या पावसाळ्यांत बीड, पुणें व तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत रात्रीं ड्रोन दिसल्याच्या वार्तांनीं गांवेंच्या गांवें जागीं राहिलीं, तरुण काठ्या घेऊन पहारा करूं लागले. काठी हातांत घेऊन अंधारांत उभ्या असलेल्या मनुष्यापुढें प्रथम जो येतो तो बहुधा कोणी तरी परगांवचा, गरीब, आपलें नांव घाईनें सांगतां न येणारा असतो.

म्हणून अण्णांच्या प्रश्नाचा विचार करितांना आम्हांस नववी आज्ञा आठवली. ती आपण लहानपणापासून पाठ म्हणतों, व तिचा अर्थ 'लबाडी करूं नये' एवढाच घेतों. पण त्या आज्ञेंत शेजारी आहे. साक्ष खरी कीं खोटी याबरोबरच ती कोणाच्या डोक्यावर जाऊन पडते, हेंहि साक्षीदारानें पाहावयाचें असतें. अण्णांचा हेतु निर्मळ होता. आणि तरी त्या फेरीवाल्याचे दोन तास व त्याची अब्रू गेली ती अण्णांच्या वाक्यापासून सुरू झालेल्या वाटेवरच. अण्णा दोषी नाहींत असें आम्ही म्हणतों. परंतु अण्णा मोकळे आहेत असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं, आणि खुद्द अण्णांसहि तसें वाटत नव्हतें.

आम्हीं त्यांस एवढेंच म्हटलें कीं, चला, शेतावर जाऊन पाहूं. तेथें बांधावर उभे राहून त्यांनीं दाखविलें: दिवे नारळाच्या झाडाच्या अंगानें आले, विहिरीच्या अंगाला गेले. नारळ वायव्येस, विहीर आग्नेयेस. किती उंच ? हात लांब करून मुठीवर मूठ मोजली. जेथें पहिला दिवा उमटला तें ठिकाण चार मुठी वर, म्हणजे सुमारें चाळीस अंश. लुकलुकत होते काय ? नाहीं. तांबडा-हिरवा रंग ? नाहीं, पांढरे. आवाज ? मोटरीखेरीज कसलाच नाहीं. किती वेळ ? अर्धी सरी भरेपर्यंत, म्हणजे तीन-चार मिनिटें. उल्का असती तर कांहीं पळांत विझती. अग्निबाणाचे तुकडे असते तर मागें शेपट्या राहत्या. आणि एक गोष्ट त्यांनीं आपण होऊन सांगितली, जी टपरीवर कोणींच विचारली नव्हती: दिवे क्षितिजावरून वर चढले नाहींत, ते आकाशांत एकाच जागीं एकामागून एक उजळत गेले, जसे कोणी पडद्यामागून बाहेर यावें.

त्या एका गोष्टीनें आमचें पुष्कळसें काम झालें. मे २०१९ पासून एक अमेरिकन कंपनी इंटरनेटसाठीं 'स्टारलिंक' नांवाचे उपग्रह तुकड्यांनीं सोडीत आली आहे. पहिल्या तुकडींत साठ होते. सोडल्यावर पहिले कांहीं दिवस ते एका रांगेनें जातात, पुढें उंच चढून पांगतात. त्यांस स्वतःचा दिवा नसतो. पहाटे आपल्याकडे अंधार असतांच त्यांच्या उंचीवर सूर्यप्रकाश पोंचलेला असतो. पृथ्वीच्या सावलींतून जो जो उपग्रह बाहेर येतो, तो तो त्याच जागीं उजळतो. अण्णांचा पडदा म्हणजे ही सावली. आम्ही हें शपथेवर सांगत नाहीं. त्यांचीं उत्तरें या रांगेशीं जुळतात, इतकेंच सांगतों.

हें सर्व आम्हीं एका कागदावर लिहिलें, टपरीवर व त्या वस्तीवर वाचून दाखवावें म्हणून. लिहितांना पहिलें वाक्य अण्णांच्या मूळ शब्दांप्रमाणें घातलें: पहाटे पांच वाजतां ड्रोनच्या दिव्यांसारखे दिवे दिसले. तें ऐकून अण्णांनीं कागद मागितला, चष्मा लावला आणि म्हणाले, "मास्तर, ह्यांतलें ड्रोन खोडा." आम्हीं खोडलें. "सारखेहि खोडा." तेंहि खोडलें. मग कागदावर राहिलें तें असें: पहाटे पांच वाजतां दिवे दिसले. तें त्यांनीं दोनदां वाचलें, खालीं सही केली, आणि रात्रीची वीज यायची वेळ झाली म्हणून ते उठले. वस्तीवर तो कागद घेऊन ते स्वतः गेले. फेरीवाल्याचा पत्ता मात्र कोणासच ठाऊक नव्हता. अण्णा अजून बाजाराच्या दिवशीं चटयांच्या गाड्यांपाशीं थांबून विचारीत असतात.